नाणे, नाव आणि बाजार : रोह्याच्या परिसरातील चलनव्यवहाराचा एक विचार

नाणेशास्त्राचा अभ्यासक नाण्याचा धातू, वजन आणि त्यावरील अक्षरे पाहतो. भाषेच्या अभ्यासकास यापैकी काहीच हाती लागत नाही. त्याच्यापुढे असते ते केवळ नाण्याचे नाव. पण नाणे वितळते, पुरले जाते किंवा परमुलखात जाते. नाव मात्र, ते ज्या माणसांनी रोजच्या देवघेवीत वापरले, त्यांच्या बोलण्यात मागे उरते. या उरलेल्या नावांवरून सामान्य माणसाच्या पैशाचा इतिहास कितपत सांगता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यातही एका प्रश्नावर भर द्यावयाचा आहे : नाण्यास चलन म्हणून किंमत येते ती राज्याच्या छापामुळे की बाजाराने ते स्वीकारल्यामुळे?

या प्रश्नासाठी रोहा हे ठिकाण सोयीचे आहे. कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून वर येणारी गलबते रोहे व त्याच्या समोरच्या काठावरील अष्टमी येथवर येत, आणि तेथून माल घाटाकडे किंवा रायगडाकडे जाई. खाडीच्या मुखाशी चौलासारखे प्राचीन बंदर, पाठीशी सह्याद्री आणि दक्षिणेस एका दिवसाच्या टप्प्यात राजधानी, अशी ही जागा. समुद्रावरून आलेली चांदी आणि देशावरून आलेले तांबे यांची गाठ अशाच बाजारात पडत असली पाहिजे.

इ. स. १६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास जाण्यासाठी मुंबईहून निघाला. चौलावरून खाडीमार्गे तो अष्टमीस उतरला आणि पुढे निजामपूर, गांगवली करीत पाचाडास पोहोचला. त्याच्याजवळ तहाची जी कलमे होती, त्यांत एक कलम नाण्यांविषयी होते. कंपनीने मुंबईस १६७२ मध्ये टांकसाळ सुरू केली होती. तेथील नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, अशी तिची मागणी होती. इतर बहुतेक कलमे मान्य झाली. या कलमावर मिळालेल्या उत्तराचा आशय इंग्रजांनी नोंदवून ठेवला आहे. कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही. परंतु ज्या नाण्याने रयतेचे नुकसान होईल, ते घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांइतके कसाचे व वजनाचे असेल, तर ते आपोआप चालेल, असा तो आशय होता.

हे उत्तर मुत्सद्देगिरीचे म्हणून सांगण्यात येते, आणि ते तसे आहेही. पण त्यात चलनाविषयीचा एक स्पष्ट सिद्धान्तही आहे. नाणे कोणी पाडले यापेक्षा ते कसाला उतरते की नाही, हे महत्त्वाचे. आणि त्याचा निर्णय हुकुमाने होत नाही, घेणाराच तो करतो. राज्याभिषेकाच्या त्याच दिवसांत महाराजांनी स्वतःची नाणी पाडली. सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे आली. सार्वभौमत्वाची खूण म्हणून नाणे पाडणारा राजा, ते नाणेच चालले पाहिजे असा आग्रह मात्र धरीत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. राज्यात अनेक राजवटींची नाणी एकाच वेळी चालत होती. सभासदाने आपल्या बखरीत होनांच्या ज्या अनेक जाती सांगितल्या आहेत, त्यांवरूनही हेच दिसते.

आता या नाण्यांच्या नावांकडे वळू. नावे देण्याच्या पद्धती मोजक्याच आहेत, आणि प्रत्येक पद्धतीतून नाव देणाऱ्याची दृष्टी कळते.

पहिली पद्धत वजनाची. ‘कार्षापण’ या नावात ‘कर्ष’ हे वजन आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात, ज्यात ४२ वे वर्ष नमूद आहे, तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवल्याचे सांगितले आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक ‘पडिक’ आणि एक हजारावर पाऊण पडिक असे व्याज ठरले होते. त्याच लेखात सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार ‘सुवर्ण’ असा हिशेब येतो, म्हणजे एका सुवर्णास पस्तीस कार्षापण. येथे ‘सुवर्ण’ हे केवळ धातूचे नाव राहिलेले नाही. ते वजनाचे आणि हिशेबाचे एकक झाले आहे.

हाच शब्द याच अर्थाने फार दूरवर आढळतो. फिलिपाईन्समधील लगुना प्रांतात १९८९ च्या सुमारास एक ताम्रपट सापडला. त्याचा काळ शके ८२२, वैशाख, म्हणजे इ. स. ९०० असा त्यातच दिलेला आहे. भाषा मुख्यतः जुनी मलय, लिपी कावी, आणि मजकूर एका कर्जाच्या फेडीचा आहे. एक ‘कटी’ आणि आठ ‘सुवर्ण’ एवढे सोन्याचे ऋण माफ झाल्याचे त्यात नमूद आहे. ज्या शकात कोकणचे शिलाहार आपले लेख कोरवीत होते, त्याच शकात आणि त्याच महिन्याच्या नावाने मनिलाजवळच्या एका कुटुंबाच्या कर्जमुक्तीचा दाखला लिहिला गेला. पुढे त्या बेटांवर स्पॅनिश सत्ता आली आणि ‘पेसो’ हे नाव रुजले. स्पॅनिश भाषेत ‘पेसो’ म्हणजे वजनच. सत्ता, धर्म आणि भाषा बदलल्या, तरी नाव देण्याची पद्धत तीच राहिली. कारण परक्या मुलखातले नाणे हाती आले म्हणजे व्यापारी प्रथम तराजूकडे पाहतो.

दुसरी पद्धत धातूची व छापाची. ‘होन’ हा शब्द कन्नडातील सोने या अर्थाच्या ‘होन्नु’ शब्दावरून आला. ‘रुपया’च्या मागे ‘रूप्य’ हा शब्द आहे. ज्यावर रूप म्हणजे आकृती ठोकली आहे ते रूप्य, असा त्याचा अर्थ पाणिनीच्या सूत्रावरून लागतो. ‘पुतळी’ हे नाव तर निव्वळ चित्रावरून पडले. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर उभ्या आकृती असत. आमच्या लोकांना त्या पुतळ्या वाटल्या. तांबड्या समुद्रामार्गे ते नाणे पश्चिम किनाऱ्यावर आले, पण बाजारात फिरण्याऐवजी पुतळ्यांच्या माळेत ओवले जाऊन स्त्रियांच्या गळ्यात राहिले.

तिसरी पद्धत स्थळाची किंवा राजाची. ‘लारी’ हे याचे चांगले उदाहरण होय. चांदीची तार मध्ये दुमडून तिच्यावर छाप मारलेले हे नाणे इराणातील लार शहराच्या नावाने ओळखले जाई. इराणी आखाताशी कोकणचा व्यापार इतका दाट होता, की विजापूरच्या आदिलशाहीनेही तशाच लाऱ्या पाडल्या. ‘शिवराई’ हे नाव राजाचे. पण येथे एक भेद केला पाहिजे. ‘शिवराई’ हे नाव आरंभी पाडणाऱ्या राजाचे असले, तरी पुढे ते एका जातीच्या नाण्याचे नाव झाले. पेशवाईत पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवरही ‘श्री राजा शिव’ हीच अक्षरे येत राहिली आणि लोकही त्यांस शिवराईच म्हणत. राजा बदलला तरी नाणे पाडणाऱ्यांनी जुने नाव सोडले नाही, कारण बाजार त्या नावाला ओळखत होता.

चौथी पद्धत अंशाची, आणि आपल्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. अधेली म्हणजे अर्धा रुपया, पावली म्हणजे पाव रुपया. ‘पैसा’ शब्दाची व्युत्पत्तीही ‘पदांश’, म्हणजे चौथा भाग, अशी सांगण्यात येते. ही नावे राजाची नाहीत, गावाची नाहीत, धातूचीही नाहीत. मोठ्या नाण्याचे तुकडे पाडून त्यात मीठ, तेल, सुकी मासळी घेणाऱ्या माणसाची ही नावे आहेत.

या चार पद्धती एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. मराठीत संपत्तीचे सर्वसामान्य नाव ‘होन’ झाले नाही, ‘मोहोर’ झाले नाही. ‘रुपया’ही झाले नाही. ते ‘पैसा’ झाले. ज्याच्या घरी लाखाची इस्टेट आहे, त्याच्याजवळही ‘पैसा’च असतो. अशीच गोष्ट टागालोग भाषेत घडली आहे. तेथे पैशासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द ‘पेरा’ असा आहे. स्पेनमध्ये तांब्याच्या क्षुद्र नाण्यावरील सिंहाला लोक थट्टेने कुत्री म्हणत. त्या ‘पेर्रा’ शब्दापासून तो आला असे मानतात. ‘सालापी’ हा दुसरा शब्द अर्ध्या पेसोच्या नाण्याचा होता. तोही आता संपत्तीवाचक झाला आहे. दोन्हीकडे खजिन्यातले सोने शब्दकोशात मागे पडले आणि मुठीतली मोड पुढे आली. हा योगायोग नव्हे. भाषा बहुसंख्य माणसांच्या रोजच्या वापराने घडते, आणि बहुसंख्य माणसांनी होन पाहिलाही नसेल.

शासनासही ही मोड पुरवावी लागे, आणि ते काम पुष्कळदा खासगी माणसांकडे सोपवले जाई. १७४० च्या दशकात नागोठणे आणि रेवदंडा येथील व्यक्तींना तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने पेशवे सरकारने मुदतबंदीने व फी ठरवून दिले होते. नागोठणे आज रोहे तालुक्यातच आहे. आपल्या परिसरातील पैसा हा असा परिसरातच पाडला जात होता. जेथे तांबेही अपुरे पडे, तेथे कवडी येई. सुरतेकडे तर इराणातून येणारे कडू बदामही मोड म्हणून चालत. मालदीवची कवडी आणि इराणचा बदाम यांवर कोणत्याच राजाचा छाप नव्हता. तरीही त्यांनी व्यवहार चालत असे, हे शिवाजी महाराजांच्या उत्तरातील सिद्धान्ताचे सर्वांत सोपे प्रमाण होय.

परंतु या सिद्धान्तास एक मोठा अपवाद आहे, आणि तो विसरला तर सामान्य माणसाच्या पैशाचे चित्र फार गोंडस होईल. बाजार पाहिजे ते नाणे घेईल. सरकारी कचेरी घेईलच असे नाही. उत्तर पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मलकापुरी असे अनेक प्रकारचे रुपये चालत होते. साऱ्यासाठी एका जातीचा रुपया ठरलेला असे. दुसऱ्या जातीचा दिला, तर दोहोंतील फरक कापून घेत. या कपातीस ‘बट्टा’ म्हणत. कोकणात पीक भाताचे. हिशेब खंडी, मण, पायलीचा. भात विकून आलेले नाणे एक आणि कचेरीत मागितले जाणारे नाणे दुसरे, अशा वेळी रयत सराफाच्या दारी जाई. त्याने सांगितलेला बट्टा मान्य करण्याखेरीज तिला गत्यंतर नसे. म्हणजे छापाचे बळ बाजारात कमी, पण कचेरीच्या उंबरठ्यावर पूर्ण. आणि या दोन ठिकाणांमधल्या अंतराचा खर्च कुळाच्या माथी बसे.

भाषेने या व्यथेची नोंद ठेवली आहे. आज बट्टा आकारला जात नाही, पण ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो. नाण्याच्या किमतीतील घट ही माणसाच्या अब्रूतील घट झाली. ‘कसोटी’, ‘पारख’, ‘खोटा’, ‘खणखणीत’, ‘चलनी नाणे’, ‘आपलेच नाणे खोटे’, ‘सोळा आणे खरे’ हे सर्व शब्दप्रयोग पेढीवरून नीतीच्या क्षेत्रात गेले. सराफ, पोतदार, पारखी ही व्यवसायनामे आडनावे होऊन बसली. ज्या समाजात घेतलेले प्रत्येक नाणे वाजवून पाहावे लागत होते, त्या समाजाने माणसालाही त्याच भाषेत पारखावे, हे स्वाभाविक होते.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया ठरला : वजन १८० ग्रेन, सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. बट्ट्याचे कारण हळूहळू नाहीसे होत गेले, ही रयतेच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. तथापि बाजाराने आपली सवय एकदम सोडली नाही. तांब्याची शिवराई एकोणिसाव्या शतकातही महाराष्ट्रात चालतच राहिली.

केवळ छापाच्या बळावर पैसा चालत नाही, याचे विसाव्या शतकातील कठोर उदाहरण पुन्हा फिलिपाईन्समध्येच सापडते. १९४२ मध्ये जपानी सैन्याने ती बेटे घेतल्यावर पेसोच्या नावाने स्वतःच्या नोटा काढल्या आणि त्या घेण्याची सक्ती केली. लोक त्यांना ‘मिकी माऊस’चा पैसा म्हणू लागले. युद्धाच्या अखेरीस किरकोळ बाजारहाटासाठीही त्यांचे गठ्ठे न्यावे लागत. उलट, प्रतिकार करणाऱ्या प्रांतांनी साध्या कागदावर छापलेल्या नोटा, बाळगणे हा गुन्हा असूनही, लोकांनी लपवून ठेवल्या. एका नोटेमागे सैन्य होते आणि दुसरीमागे नंतर फेड होईल ही आशा. त्या मुलखातील स्त्रीपुरुषांनी कोणती ‘कसाची’ मानली, हे उघड आहे.

युद्ध चालू असतानाच जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस देशांचे प्रतिनिधी जागतिक चलनव्यवस्थेचा विचार करण्यास जमले. त्यांत फिलिपाईन्सचे प्रतिनिधी होते, आणि भारताच्या प्रतिनिधींत चिंतामणराव देशमुख होते. त्यांचा जन्म १८९६ मध्ये रायगडाजवळील नाते येथे झाला आणि बालपण मुख्यत्वे रोह्यास गेले. १९४३ ते १९४९ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या पदावरील ते पहिले भारतीय असल्याने नोटेवर गव्हर्नर म्हणून सही करणारेही पहिले भारतीय तेच. पुढे ते अर्थमंत्री असताना, १९५५ मध्ये, संसदेने दशमान नाण्यांचा कायदा संमत केला. ज्या खाडीकाठी ऑक्झेंडन नाण्यांचे कलम घेऊन उतरला, त्याच खाडीकाठी वाढलेल्या माणसाच्या कारकिर्दीत आण्याचा शेवट लिहिला गेला.

तो कायदा १ एप्रिल १९५७ पासून अमलात आला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आण्यास सव्वासहा. सव्वासहा नव्या पैशांचे नाणे असणे शक्य नव्हते, म्हणून कोष्टक ठरले : एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. पूर्ण रुपया मोडणाऱ्यास शंभर नवे पैसे मिळत. पण एकेक आणा सुटा करून घेणाऱ्यास सोळा वेळांत शहाण्णवच मिळत. फरक चार पैशांचा. तो मोठ्या खरेदीत लोपून जाई. हातावर पोट असलेल्या माणसाच्या देवघेवीत तो दिसे. सुधारणा योग्य होती, हिशेब सुलभ झाला, यात शंका नाही. तथापि बट्टा सराफाच्या पेढीवर असो की सरकारी कोष्टकात, तो प्रथम मोडीच्या पैशावर जगणाऱ्यास लागतो, हा नियम येथेही चुकला नाही.

भाषा मात्र या कायद्याने बांधली गेली नाही. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण अधिकृतपणे गळाले. पण पंचवीस पैशांच्या नाण्यास लोक ‘चार आणे’ आणि पन्नासास ‘आठ आणे’ म्हणत राहिले. पंचवीस पैशांचे नाणे जून २०११ च्या अखेरीस चलनातून गेले. म्हणजे आणा कायद्याने गेल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्याचे नाव दुसऱ्या नाण्याच्या अंगावर वावरत होते. आज रोह्याच्या भाजीबाजारातही भ्रमणध्वनीवरून पैसे देता येतात; हातात धातू नाही, कागदही नाही, तरी देणारा आणि घेणारा त्यास ‘पैसे’च म्हणतात.

यावरून विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली सावधगिरीची. नावावरून नाण्याच्या प्रचाराचा काळ थेट ठरवता येत नाही. जो आज ‘दमडीही देणार नाही’ असे म्हणतो, त्याने दमडी कधी हाताळलेली नसते. शब्द, हिशेबाचे एकक आणि प्रत्यक्ष नाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या कागदात यांपैकी कोणती अभिप्रेत आहे, हे प्रत्येक ठिकाणी तपासले पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक आशादायक आहे. राजवटींचा इतिहास सोन्याचांदीच्या नाण्यांवरून लिहिता येतो. तांबे, कवडी आणि मोड वापरणाऱ्यांनी लेख कोरले नाहीत, बखरी लिहिल्या नाहीत. त्यांचा दस्तऐवज म्हणजे हे शब्द. रोहे, पेण, नागोठणे, रेवदंडा येथील बाजारांत, कोळीवाड्यांत आणि भातगिरण्यांत मोजमापाचे व मोडीचे किती शब्द आज वृद्धांच्या तोंडी उरले आहेत, याची पद्धतशीर नोंद करणे हे पदव्युत्तर अभ्यासकांच्या आवाक्यातले काम आहे. आणा हाताळलेली पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. म्हणून ते याच दशकात झाले पाहिजे.